एक पेडल, चार चाकं

‘ईएसपी बंद केलं की मग खरी गाडी हातात येते,’ हे वाक्य स्पोर्ट्स कारच्या चाहत्यांकडून वरचेवर ऐकायला मिळतं. त्यामागचा समज असा, की ईएसपी, म्हणजे गाडी घसरू लागली की आपणहून एकेका चाकाला ब्रेक लावून तिला सावरणारं इलेक्ट्रॉनिक स्थिरता नियंत्रण, ही नवशिक्यांची सोय आहे. ज्याचा हात बसलेला आहे त्याला तिची अडचणच होते. दुसरीकडे जाहिराती पाहिल्या तर वाटतं, की ही यंत्रणा असली म्हणजे गाडी घसरणारच नाही. दोन्ही समज चुकीचे आहेत. ही यंत्रणा जे काम करते ते जगातला कोणताही चालक, कितीही निष्णात असला तरी, करू शकत नाही, कारण त्याच्या पायाखाली ब्रेकचं पेडल एकच असतं. आणि तरीही, टायरची रस्त्यावरची पकड रतीभरही वाढवणं तिच्या हातात नसतं.

ट्रॅक्टर चालवणाऱ्यांना पहिला मुद्दा लगेच पटेल. ट्रॅक्टरला मागच्या डाव्या आणि उजव्या चाकासाठी ब्रेकची दोन वेगळी पेडलं असतात. नांगराचं तास संपून बांधापाशी आलं की चालक आतल्या बाजूचा ब्रेक दाबतो आणि ट्रॅक्टर जवळजवळ जागच्या जागी वळतो. रस्त्यावर आणताना ही दोन्ही पेडलं एकमेकांना जोडून घ्यायची असतात, नाहीतर वेगात एकाच चाकाला ब्रेक लागून ट्रॅक्टर उलटू शकतो. ब्रेकने गाडी थांबते तशी वळतेही, हे शेतात सगळ्यांना ठाऊक आहे.

1997 साली मॅक्लारेनने हीच गोष्ट फॉर्म्युला वनमध्ये आणली. ऑस्ट्रियाच्या शर्यतीत डॅरेन हीथ या छायाचित्रकाराला दिसलं, की वळणातून बाहेर पडताना, म्हणजे चालकाने वेग वाढवायला घेतलेला असताना, मॅक्लारेनच्या मागच्या ब्रेकची तबकडी लालभडक तापलेली आहे. तिथे ब्रेक लावण्याचं काहीच कारण नव्हतं. पुढे न्युर्बुर्गरिंगला मॅक्लारेनच्या गाड्या बंद पडून ट्रॅकवरच थांबल्या, तेव्हा त्याने कॉकपिटमध्ये कॅमेरा घालून पायाखालचा फोटो काढला. तिथे एक जादा पेडल होतं. ते मागच्या एकाच चाकाला ब्रेक लावत असे आणि त्यामुळे गाडी वळणात अधिक तत्परतेने आत शिरत असे. प्रतिस्पर्ध्यांनी तक्रार केली आणि 1998च्या हंगामाच्या सुरुवातीलाच त्यावर बंदी आली. मॅक्लारेनच्या मिका हाकिनेन आणि डेव्हिड कुल्टहार्ड यांच्यासारख्या चालकांना ज्या पेडलाचा फायदा होत होता, ते ‘नवशिक्यांची सोय’ कसं म्हणायचं?

आता आत काय घडतं ते पाहू. मला या सगळ्या विषयात सर्वांत सुंदर वाटणारा भाग हाच आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

टायर रस्त्यावर एकूण किती बल लावू शकेल, याला एक कमाल मर्यादा असते. ते बल ब्रेकसाठी वापरा, वळण्यासाठी वापरा, की दोन्हींत वाटून टाका. बेरीज त्या मर्यादेच्या बाहेर जात नाही. ही बेरीज साधी नसून काटकोन त्रिकोणाची आहे, कारण ब्रेकचं बल मागच्या दिशेने आणि वळवणारं बल आडव्या दिशेने असतं. या मर्यादेचं वर्तुळ काढून दाखवण्याची पद्धत वुनिबाल्ड काम या जर्मन अभियंत्याच्या नावाने ओळखली जाते.

समजा, 1500 किलोची स्पोर्ट्स कार डाव्या वळणात जोरात आहे. गाडीचा भार उजवीकडे, म्हणजे बाहेरच्या बाजूला सरकलेला आहे. पुढच्या उजव्या टायरची मर्यादा 5000 न्यूटन आहे आणि ते सगळं वळवण्यातच खर्च होत आहे. तेवढ्यात मागची चाकं पकड सोडतात आणि गाडीची पाठ बाहेर फेकली जाऊ लागते. याला ओव्हरस्टिअर म्हणतात. गाडी आता डावीकडे गरजेपेक्षा जास्त वेगाने स्वतःभोवती फिरते आहे आणि ते फिरणं रोखायचं आहे.

यंत्रणा पुढच्या उजव्या, म्हणजे बाहेरच्या चाकाला 3000 न्यूटनचा ब्रेक लावते. हे बल गाडीच्या मध्यरेषेपासून सुमारे 0.8 मीटर उजवीकडे आहे. म्हणून गाडीला उलट, उजवीकडे फिरवणारा 3000 गुणिले 0.8, म्हणजे 2400 न्यूटन-मीटरचा टॉर्क मिळतो. हा झाला ट्रॅक्टरचा हिशेब. पण इथे आणखी एक गोष्ट घडते, आणि ती माझ्या मते फार देखणी आहे. त्या टायरची मर्यादा 5000 आहे आणि त्यातले 3000 ब्रेकने घेतले. आडव्या दिशेला किती उरले? शाळेतला तीन-चार-पाचचा त्रिकोण आठवा: 4000. म्हणजे गाडीचं नाक डावीकडे ओढणारं बल 1000 न्यूटनने घटलं. पुढची चाकं गाडीच्या गुरुत्वमध्यापासून सुमारे 1.3 मीटर पुढे आहेत, तेव्हा यातून आणखी 1300 न्यूटन-मीटरची मदत झाली. एकूण 3700. ब्रेक 4000 न्यूटनपर्यंत वाढवला, तर आडवं बल 3000 उरतं आणि एकूण टॉर्क 5800 न्यूटन-मीटरवर जातो. एकाच ब्रेकने दोन कामं केली: बाहेरच्या बाजूने गाडी उलट फिरवली आणि नाकाची आत जाण्याची ओढही कमी केली.

अशा गाडीला उभ्या अक्षाभोवती फिरवण्याचं जडत्व ढोबळमानाने 2000 किलोग्रॅम-चौरस मीटर धरलं, तर 3700 न्यूटन-मीटरमुळे सेकंदाच्या एक दशांशात गाडीच्या फिरण्याचा वेग सेकंदाला सुमारे 10 अंशांनी कमी होतो. तेवढ्या वेळात माणसाने स्टिअरिंग उलट फिरवायला सुरुवातही केलेली नसते.

आता हाच ब्रेक चुकून मागच्या चाकाला लावला असता तर? मागच्या टायरची आडवी पकड आधीच सुटत आलेली होती. ब्रेकने ती आणखी घटली असती आणि गाडी गरकन फिरली असती. उलट परिस्थितीत, म्हणजे अंडरस्टिअरमध्ये, पुढची चाकं वळलेली असूनही गाडी सरळ पुढे जात राहते. तिथे मागच्या आतल्या चाकाला ब्रेक लावतात. आतल्या बाजूचा ब्रेक गाडीला आत वळवतो आणि मागची पकड जराशी कमी झाल्याने पाठही मोकळी होते. हिशेब तोच, फक्त चिन्हं बदलली. प्रत्येक क्षणी चारांपैकी कोणत्या चाकाला किती ब्रेक लावायचा, हे ठरवणं हाच या यंत्रणेचा गाभा आहे.

यासाठी यंत्रणेला दोन गोष्टी कळाव्या लागतात: चालकाला कुठे जायचं आहे आणि गाडी प्रत्यक्षात कुठे चालली आहे. पहिली गोष्ट स्टिअरिंगच्या कोनावरून आणि चाकांच्या वेगावरून कळते. दुसरीसाठी आडवं त्वरण आणि गाडीचा स्वतःभोवती फिरण्याचा वेग मोजतात. फिरणं मोजणारा सेन्सर एका सतत थरथरणाऱ्या बारीक वस्तुमानावर चालतो. थरथरणारी वस्तू फिरवली की तिच्यावर आडवं कोरिऑलिस बल येतं. वाऱ्यांना पृथ्वीवर वळण देणारं तेच बल. अशी उपकरणं पूर्वी विमानं आणि क्षेपणास्त्रांसाठी बनत आणि महाग असत. आज सिलिकॉनवर कोरलेला त्यांचा सूक्ष्म अवतार तुमच्या फोनमध्येही आहे. ही यंत्रणा बनवणाऱ्या बॉश या जर्मन कंपनीच्या सांगण्यानुसार तिची यंत्रणा चालकाची इच्छा आणि गाडीची दिशा यांची तुलना सेकंदाला 25 वेळा करते.

खरी मेख मात्र आणखी एका कोनात आहे. गाडीचं नाक ज्या दिशेला आहे आणि गाडी ज्या दिशेला प्रत्यक्ष सरकते आहे, त्यांतला फरक म्हणजे गाडीचा स्लिप अँगल. रोजच्या वापरात तो 2 अंशांच्या आतच राहतो आणि तेवढ्या पट्ट्यात स्टिअरिंग जितकं फिरवावं तितकी गाडी वळते. आपली सगळी सवय याच पट्ट्यात घडलेली असते. कोन वाढत गेला की स्टिअरिंगचा गाडीच्या फिरण्यावरचा परिणाम कमी होत जातो. कोरड्या डांबरावर साधारण 10-12 अंशांपाशी तो जवळजवळ संपतो. दाबून बसलेल्या बर्फावर 4 अंशांपाशीच. चाक हातात आहे, ते फिरतंय, पण गाडी ऐकत नाही.

घाटातल्या एखाद्या वळणाबद्दल ‘तिथे गाडी आपोआप ओढली जाते’ असं सांगतात, ते ऐकताना मला नेहमी हा कोन आठवतो. सांगणारा खोटं बोलत नसतो. स्टिअरिंगला दाद न देता गाडी भलतीकडे गेली, हा त्याचा अनुभव खराच आहे. पण ओढणारं तिथे कुणी नसतं. उतार चुकीच्या बाजूला असेल, पावसाने डांबर गुळगुळीत झालं असेल, टायर झिजलेले असतील, की तो पट्टा आणखी अरुंद होतो आणि आपण न कळत त्याच्या बाहेर पडतो. अशा वळणावर नारळ फोडून आणि नव्या गाडीच्या चाकाखाली लिंबू चिरडून अपघात टळत नाहीत. रस्त्याचा उतार दुरुस्त करावा लागतो, टायर वेळेवर बदलावे लागतात.

1978 साली बॉशची एबीएस यंत्रणा मर्सिडीज एस-क्लासमध्ये आली, तेव्हा ब्रेक लावताना चाकं अडकू न देणं एवढंच तिचं काम होतं. आंतोन फान झांतेन यांच्या नेतृत्वाखाली बॉशच्या अभियंत्यांनी स्थिरता नियंत्रण विकसित केलं आणि 1995 साली ते मर्सिडीजच्या एस-क्लास कूपेमध्ये बसलं. 1997 साली स्वीडनमधल्या चाचणीत छोटी ए-क्लास उलटली आणि मर्सिडीजने ती यंत्रणा त्या स्वस्त गाडीतही सरसकट द्यायला घेतली. अमेरिकी वाहतूक सुरक्षा संस्थेने नियम करताना काढलेला अंदाज असा होता, की मोटारींचे एकट्याने, म्हणजे दुसऱ्या वाहनाशी धडक न होता, होणारे अपघात यामुळे 34 टक्क्यांनी आणि एसयूव्हींचे 59 टक्क्यांनी घटतील. युरोपात 2014पासून प्रत्येक नव्या मोटारीत ती सक्तीची आहे. आपल्याकडे 2023 साली सुरू झालेल्या, गाड्यांच्या सुरक्षेला तारे देणाऱ्या भारत एनकॅप चाचणीत तीन किंवा त्याहून जास्त तारे हवे असतील तर ती लागतेच. गाडी घेताना सनरूफची चौकशी करणाऱ्यांनी आधी ही चौकशी करावी, असं मला मनापासून वाटतं.

स्पोर्ट्स कारच्या जगात मात्र ती सहज रुळली नाही. ऑडी टीटी 1998 साली बाजारात आली ती गोलाकार पाठीची आणि या यंत्रणेशिवाय. जर्मनीच्या ऑटोबानवर मोठ्या वेगात लेन बदलताना मागची चाकं हलकी होऊन गंभीर अपघात झाले. ऑडीला गाड्या परत बोलवाव्या लागल्या. मागे स्पॉइलर बसला, सस्पेन्शन बदललं आणि ईएसपी आलं. पोर्शे कॅरेरा जीटी 2003 साली आली, 612 अश्वशक्तीची. तिच्यात एबीएस आणि ट्रॅक्शन कंट्रोल (वेग वाढवताना चाकं जागच्या जागी फिरू न देणारी यंत्रणा) होतं, स्थिरता नियंत्रण नव्हतं. नोव्हेंबर 2013मध्ये अभिनेता पॉल वॉकर ज्या गाडीत बसलेला असताना गेला, ती हीच. तपासात वेग ताशी 129 ते 150 किलोमीटर निघाला, जिथे मर्यादा 72ची होती. टायर सुमारे 9 वर्षांचे होते. पकडीच्या मर्यादेचं ते वर्तुळ टायर ठरवतो. यंत्रणा असली तरी ती त्या वर्तुळाच्या आतल्या बलाचीच वाटणी करू शकते आणि जुन्या, कडक झालेल्या रबराचं वर्तुळ मुळातच लहान असतं.

मग वेगासाठी बनलेल्या गाडीत ही यंत्रणा आड येते का? सुरुवातीच्या काळात येत होती. पाठ जराशी हलली की इंजिनाची ताकद कापून ती गाडीला गप्प करत असे, आणि शर्यतीच्या ट्रॅकवर थोडी घसरण उपयोगाची असते. आजची तक्रार बहुधा त्या जुन्या अनुभवातून आलेली आहे. फेरारीने 2013 साली 458 स्पेचालेमध्ये आणलेली पद्धत स्लिप अँगल शून्यावर आणायला जात नाही. ती तो कोन सतत अजमावते, ठरवलेल्या कोनाशी ताडून पाहते आणि ट्रॅक्शन कंट्रोल व मागच्या दोन चाकांत इंजिनाची ताकद वाटणारा इलेक्ट्रॉनिक डिफरेन्शियल यांच्या मदतीने तिथेच धरून ठेवायला चालकाला मदत करते. मॅक्लारेननेही 2011च्या एमपी4-12सी या रस्त्यावरच्या गाडीत मागच्या आतल्या चाकाला ब्रेक लावून वळण्याची युक्ती परत आणली. यावेळी पेडल नव्हतं, ते काम संगणक करत होता.

ब्रेकने वळवण्यात एक तोटा उरतोच: प्रत्येक वेळी थोडा वेग जातो आणि त्याची उष्णता होते. चार चाकांना चार स्वतंत्र विजेच्या मोटरी दिल्या की तोही जातो. क्रोएशियाच्या रिमाक नेवेरामध्ये असंच आहे; तिचा संगणक प्रत्येक चाकाचा टॉर्क सेकंदाला 100 वेळा नव्याने ठरवतो. बाहेरच्या चाकाला पुढे ढकलायचं आणि त्याच क्षणी आतल्याला मागे ओढायचं. गाडी वळते, वेग तसाच राहतो आणि आतल्या चाकातून निघालेली ऊर्जा बॅटरीकडे परत जाते.