जनरल प्रॅक्टिस : डॉक्टरांच्या कायदेशीर, नैतिक व प्रशासकीय जबाबदाऱ्या (महाराष्ट्र)

वस्तीतल्या दवाखान्यात बसून सर्व वयाच्या रुग्णांवर प्राथमिक उपचार करणाऱ्या आणि गरजेप्रमाणे त्यांना तज्ज्ञाकडे किंवा रुग्णालयात पाठवणाऱ्या डॉक्टरच्या व्यवसायाला जनरल प्रॅक्टिस म्हणतात. मोठ्या रुग्णालयात नोंदी, परवाने व कायदेशीर बाबी पाहण्यासाठी स्वतंत्र कर्मचारी असतात. दवाखान्यात ही सारी कामे एकटा डॉक्टर आणि फार तर एक कंपाउंडर करतो. त्यामुळे उपचारातील कौशल्याइतकेच महत्त्व येथे कागदपत्रांना आणि स्वतःची मर्यादा ओळखण्याला येते.

आधुनिक वैद्यकाच्या डॉक्टरला महाराष्ट्र वैद्यकीय परिषद अधिनियम, १९६५ अन्वये नोंदणी करावी लागते व तिचे दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते. नोंदणी क्रमांक दवाखान्यात लावणे आणि प्रिस्क्रिप्शनवर छापणे बंधनकारक आहे. ज्या वैद्यकपद्धतीचे शिक्षण घेतले, तिच्याच कक्षेत राहण्याचे बंधन पूनम वर्मा खटल्यात (१९९६) सर्वोच्च न्यायालयाने ठामपणे सांगितले. मुंबईतील एका रुग्णाच्या तापावर होमिओपॅथीच्या डॉक्टरने आधुनिक औषधे दिली होती व १९९२ मध्ये तो रुग्ण दगावला. ज्या पद्धतीचे शिक्षण घेतलेले नाही, तिने उपचार करणे हाच निष्काळजीपणा होय, असा निकाल लागला. पुढे २०१४ मध्ये आधुनिक औषधशास्त्राचा अभ्यासक्रम पूर्ण केलेल्या होमिओपॅथांना आधुनिक औषधे देता यावीत, यासाठी राज्याने कायद्यात दुरुस्ती केली आणि हा वाद पुन्हा न्यायालयात पोहोचला.

डॉक्टरच्या कर्तव्याची मूळ मांडणीही महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणातून आली. १९५३ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातील पालशेतच्या किनाऱ्यावर एका तरुणाच्या मांडीचे हाड मोडले. स्थानिक डॉक्टरने लाकडी फळ्या बांधून पाय स्थिर केला आणि तरुणाला पुढील उपचारांसाठी पुण्यास नेण्यात आले. तेथील उपचारांनंतर तो मरण पावला. या खटल्यात न्यायालयाने तीन कर्तव्ये सांगितली : रुग्ण हाती घ्यावा की नाही हे ठरवताना, कोणता उपचार द्यावा हे ठरवताना आणि तो उपचार करताना वाजवी काळजी घेणे. यांपैकी पहिले कर्तव्य जनरल प्रॅक्टिसचा कणा आहे, कारण तज्ज्ञाकडे पाठवणारी संदर्भचिठ्ठी वेळेवर देणे हाही उपचारच असतो.

फी घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेत येते, हे १९९५ मध्ये स्पष्ट झाले. फौजदारी गुन्ह्यासाठी मात्र घोर निष्काळजीपणा सिद्ध व्हावा लागतो, असे सर्वोच्च न्यायालयाच्या २००५ च्या जेकब मॅथ्यू निकालाने ठरवले. भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ नुसार उपचारादरम्यानच्या निष्काळजीपणाने मृत्यू घडल्यास नोंदणीकृत डॉक्टरला दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

नैतिक आचरणासाठी भारतीय वैद्यकीय परिषदेचे २००२ चे विनियम लागू आहेत. २०२३ चे नवे विनियम प्रसिद्ध झाल्यावर काही दिवसांतच स्थगित झाले. रुग्ण पाठवल्याबद्दल कमिशन घेणे, म्हणजेच ‘कट प्रॅक्टिस’, २००२ च्या विनियमांनुसार गैरवर्तन आहे. रुग्णाच्या विश्वासावर थेट घाव घालणारी ही प्रथा व्यवसायाला लागलेली कीड आहे. तातडीच्या प्रसंगी रुग्णाला नाकारता येत नाही. गोपनीयतेचा प्रश्न फॅमिली डॉक्टरसमोर अधिक बिकट असतो, कारण सारे घर त्याच्या ओळखीचे असते : सुनेचा रिपोर्ट सासूने मागितला, तरी सुनेच्या संमतीशिवाय तो देता येत नाही. न्यायालयाचा आदेश, इतरांच्या जिवाला गंभीर धोका आणि सूचनीय रोग (शासनाला कळवणे सक्तीचे असलेले रोग) हे अपवाद होत. क्षयरुग्णाची माहिती शासनाला कळवणे २०१२ पासून सक्तीचे आहे, तर बालकावरील लैंगिक अत्याचार लक्षात आल्यास पॉक्सो कायद्यान्वये पोलिसांना खबर द्यावीच लागते.

स्वतःच्या रुग्णांना औषधे देण्याची मुभा डॉक्टरला आहे, पण त्याने औषधांचे खुले दुकान चालवता कामा नये. सुया व ड्रेसिंगचा कचरा २०१६ च्या नियमांप्रमाणे रंगवार वेगळा करून अधिकृत यंत्रणेकडे द्यावा लागतो. आजारपणाच्या दाखल्यांची नोंदवही ठेवावी लागते. दाखल्यात रुग्णाची ओळखखूण लिहून प्रत जपावी लागते. मागची तारीख टाकून रजेसाठी दाखला देण्याचा आग्रह रोजचाच असला, तरी खोट्या दाखल्याबद्दल वैद्यकीय परिषदेच्या नोंदवहीतून डॉक्टरचे नाव कमी होऊ शकते.

सर्वांत कठीण कसोटी मृत्यूच्या दाखल्याची असते. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ नुसार अखेरच्या आजारात उपचार करणाऱ्या डॉक्टरने मृत्यूच्या कारणाचे प्रमाणपत्र विनामूल्य द्यायचे असते. घरी झालेल्या मृत्यूसाठी नमुना ४-अ वापरतात. त्यात तात्कालिक कारण आणि त्यामागील मूळ आजार क्रमाने लिहावे लागतात. केवळ ‘हृदयक्रिया बंद पडली’ हे कारण पुरेसे नाही, कारण ती प्रत्येक मृत्यूत बंद पडते. अंत्यविधीची घाई असलेले नातेवाईक रात्री दारात उभे असतात, तेव्हा कधीही न तपासलेल्या व्यक्तीसाठी नकार देणे अवघड जाते. तरीही मृतदेह स्वतः पाहिल्याखेरीज सही करू नये, आणि विषबाधा, भाजणे, अपघात किंवा कोणताही संशय असल्यास प्रमाणपत्र न देता पोलिसांना कळवावे.