डबस्टेप की ब्रोस्टेप? आधी स्पीकर बघा

डबस्टेप म्हणजे मिक्सरमध्ये चमचा पडल्याचा आवाज, असं एक जण म्हणतो. दुसरा म्हणतो, छे, ते तर डोळे मिटून ऐकायचं संगीत. लातूर-नांदेडकडं चार डीजेवाले जमले की हा वाद हमखास निघतो. खोटं दोघंही बोलत नाहीत. एकच नाव घेऊन ते वेगवेगळ्या दोन गोष्टींवर भांडत असतात: एक लंडनचा मूळ डबस्टेप (जड बेसचं इलेक्ट्रॉनिक संगीत), दुसरा त्यातूनच निघालेला ब्रोस्टेप. ‘ब्रोस्टेप’ हे नावही आधी हिणवायलाच वापरलं गेलं, मग चिकटलं.

जुन्याचा जन्म दक्षिण लंडनमधल्या क्रॉयडनचा. तिथलं बिग ॲपल हे रेकॉर्डचं दुकान, तिथं पडीक असणारी स्क्रीम, बेंगा, हॅचा ही पोरं, आणि यूके गराज (लंडनचं क्लबमधलं नाचाचं संगीत) नि जमैकन डब (एको-बेसवर चालणारं रेगे) यांची सरमिसळ. २००५ मध्ये लंडनच्याच ब्रिक्स्टनला ‘डीएमझेड’ या क्लब-कार्यक्रमाच्या रात्री सुरू झाल्या. तिथं लोक यायचे ते बेस अंगावर घ्यायला. २००६ च्या जानेवारीत निवेदिका मेरी ॲन हॉब्जनं बीबीसी रेडिओ १ वर या मंडळींना एकत्र वाजवलं आणि हा आवाज लंडनबाहेर गेला. पुढं ऑक्टोबर २०१० मध्ये अमेरिकेच्या स्क्रिलेक्सचं ‘स्केरी मॉन्स्टर्स अँड नाइस स्प्राइट्स’ आलं, २०१२ मध्ये स्क्रिलेक्सला तीन ग्रॅमी मिळाल्या, आणि आपल्याकडच्या बहुतेकांनी डबस्टेप हा शब्दच तेव्हा पहिल्यांदा ऐकला. म्हणून इथं डबस्टेप म्हटलं की कानात ब्रोस्टेपची गुरगुरच येते.

ताल मात्र दोघांचा एकाच घरचा. वेग १४० बीपीएमच्या (मिनिटाला १४० मात्रांच्या) आसपास (ब्रोस्टेप कधी १५० पर्यंत जातो), पण स्नेअर (ड्रमचा कडक ठोका) एका बारमध्ये (चार मात्रांच्या आवर्तनात) एकदाच, तिसऱ्या मात्रेवर. १४० ला एक बार १.७ सेकंदांचा होतो, म्हणजे दोन स्नेअरमध्येही तेवढंच अंतर. त्यामुळं गाणं ७० च्या चालीनं चालल्यासारखं वाटतं आणि वर हाय-हॅट (ड्रमची झांज) दुप्पट धावत असते. भजनात पखवाज ठायीत आणि टाळ दुगणीत, तसलाच प्रकार. या गोंधळात सॉफ्टवेअरही सापडतं. तेच गाणं एका लॅपटॉपवर ७० दाखवतं, दुसऱ्यावर १४०. आकडा बघून मिक्स मारणाऱ्याचा इथंच घोळ होतो. तिसऱ्या मात्रेवरचा स्नेअर कानानं पकडून मग सिंक करावा (दुसऱ्या गाण्याशी ताल जुळवावा).

खरा फरक बेस कुठं बसतो यात आहे. जुन्या डबस्टेपचा जीव साधारण ४० ते ५० हर्ट्झमध्ये (सेकंदाला तेवढी कंपनं; आकडा लहान तितका आवाज खोल) असतो: जवळजवळ शुद्ध साइन वेव्ह (एकाच कंपनाचा गुळगुळीत आवाज), वर थोडं काही, आणि मध्ये भरपूर मोकळी जागा. तीच बेसलाइन १६-१६ बार चालते, फरक पडतो तो एको आणि रिव्हर्बमध्ये. ब्रोस्टेपमध्ये खाली सब (सगळ्यात खोल बेस) असतोच, पण कान ओढतो तो साधारण २०० हर्ट्झ ते ३ किलोहर्ट्झचा भाग. तिथं एफएम सिंथेसिसचा (एका लाटेनं दुसरी हलवून बनवलेला) आवाज डिस्टॉर्शनमधून (आवाज मुद्दाम फाडणाऱ्या इफेक्टमधून) काढतात, पुन्हा रेकॉर्ड करतात, पुन्हा चिरतात, आणि दर अर्ध्या बारला नवा आवाज उभा करतात. एक गुरगुरतो, दुसरा किंचाळतो, सवाल-जवाब चालू.

वॉबल, म्हणजे बेसचं वॉव-वॉव हलणं, दोघांतही सापडतो आणि तो बनतोही सारखाच. लो-पास फिल्टरचा (वरचा आवाज कापणाऱ्या) कटऑफ, म्हणजे कापायची हद्द, एलएफओनं (संथ लाटेनं) हलवायचा, बस्स. १४० ला एलएफओ पाव नोटवर (एका मात्रेवर) लावला तर कटऑफ सेकंदाला २.३ वेळा हलतो, आठव्या नोटवर ४.७ वेळा, आठव्याच्या ट्रिपलेटवर ७ वेळा. जुना गडी एक वेग धरून बसतो. नवा त्याच ओळीत चार वेग बदलतो. फिल्टर आधी आणि डिस्टॉर्शन नंतर ठेवलं की वॉबलला दात येतात. उलटं ठेवलं तर तोच आवाज गोल आणि मऊ राहतो.

मत कशावर बनतं ते इथं कळतं. मोबाइलच्या स्पीकरला ३०० हर्ट्झखालचं जवळजवळ काहीच झेपत नाही. त्यावर जुना डबस्टेप लावला की उरते फक्त स्नेअर-हॅटची टकटक, आणि ऐकणारा म्हणतो, गाणं कुठंय यात? ब्रोस्टेपची गुरगुर त्याच स्पीकरमधून पूर्ण बाहेर येते. ओळखायची सगळ्यात सोपी चाचणीही हीच. ड्रॉपला (बेस कोसळतो त्या जागी) मोबाइलवर जे गाणं पोकळ होतं ते बहुतेक जुन्या घराण्यातलं.

पिकअपवरच्या सेटअपवर चित्र पालटतं, पण आपोआप नाही. १८ इंची ड्रायव्हरचे बेस बॉक्स बरेचदा ४०-४५ हर्ट्झला ट्यून केलेले असतात. त्याखालचा आवाज पाठवला की बॉक्समधली हवा कोनला (स्पीकरच्या पडद्याला) धरत नाही, कोन मोकाट हलतो, बॉक्स फडफडतो आणि शेवटी कॉइल जाते. म्हणून प्रोसेसरवर हाय-पास (खालचा आवाज कापणारा फिल्टर) ३५ हर्ट्झच्या आसपास हवाच. तो काढून ‘खालचं’ मिळवायला गेलेला ऑपरेटर दुसऱ्या दिवशी कोन बदलत बसतो. मिक्सरवरचं ‘लो’चं (बेसचं) बटण पिळूनही उपयोग नाही. बहुतेक मिक्सरवर ते १०० हर्ट्झच्या आजूबाजूलाही उचलतं, त्यामुळं नुसता ढबढब फुगवटा येतो.

आणखी एक दोष फक्त जुना डबस्टेपच उघडा पाडतो: एका बाजूच्या बेसचे प्लस-मायनस उलटे लागणं. ४० हर्ट्झची लाट साडेआठ मीटर लांब. उलट्या जोडणीत दोन्ही बाजूंची लाट मधोमध एकमेकीला खाते, आणि पुढं नाचणाऱ्यांना बेसच लागत नाही. ब्रोस्टेप वाजत असेल तर ही चूक रात्रभर कुणाला कळत नाही, कारण मिडरेंज (मधला आवाज) टॉपमधून (वरच्या स्पीकरमधून) येतच राहतो. साइन वेव्हचं एक गाणं लावून मधोमध उभं राहावं, एका बाजूची जोडणी पालटून बघावी. छातीत बसलं की समजायचं.

ब्रोस्टेपचा धोका वेगळा. ती गाणी आधीच पार दाबून मोठी केलेली असतात, शांत जागा नाहीच, त्यामुळं ॲम्पला श्वास मिळत नाही. त्यावर पुन्हा गेन वाढवला की क्लिपिंग होतं (लाटेची टोकं कापली जातात) आणि आधी हॉर्नच्या ड्रायव्हरचा डायफ्राम जातो. ब्रोस्टेपला मास्टर निदान ६ डीबी खाली घेऊन सुरुवात करावी.

मोजणीचाही एक पेच आहे. ध्वनिप्रदूषण नियमांत मर्यादा डीबी(ए)मध्ये आहे, निवासी भागात दिवसा ५५, रात्री ४५. ए-मोजणी ५० हर्ट्झचा आवाज सुमारे ३० डीबी कमी धरते. म्हणजे मीटरवर गुरगुर पटकन दिसते आणि खालचा बेस लपतो, पण शेजारच्या घराच्या भिंतीतून आणि पत्र्यातून जातो तो खालचाच. पत्र्याचं छत असलेल्या मंगल कार्यालयात तर जुना डबस्टेप लावूच नये. पत्रे असे थरथरतात की लोकांना बेस नाही, पत्राच ऐकू येतो.

आता ‘खरा कोणता’ याबद्दल. इंग्लंडचा अस्सल आणि अमेरिकेचा भेसळ, ही वाटणी सोयीची आहे, खरी नाही. डीएमझेडमधल्या कोकीनंच २००७ च्या सुमारास दातेरी मिडरेंज आवाज वाजवले. रस्को आणि कॅस्पा इंग्लंडचेच, आणि तो आवाज गर्दीपर्यंत त्यांनी नेला. एक्सिजन नि डॅटसिक हे ब्रोस्टेपवाले तर कॅनडाचे. भेसळ झालीच असेल तर घरातूनच झाली. मात्र ब्रोस्टेपच्या पुढची रिडिम ही शाखा, त्याच त्या ट्रिपलेटची रटाळ पुनरावृत्ती, आमच्या मते ऐकण्यापेक्षा मिक्स मारायलाच बरी.

वरातीत दोन्ही फार टिकत नाहीत. पाय हलगीच्या चालीला सवयीचे, ७० ची चाल आली की लोक थबकतात. डायलॉगनंतर ब्रोस्टेपचे ८ बार, म्हणजे जेमतेम १४ सेकंद, चालतात. सोळावर गेलात की रिंगण मोडतं, आणि हलगी परत आणेपर्यंत निम्मे लोक पाणी प्यायला गेलेले असतात.