भूमध्य सागरातील पोहणे व जलक्रीडा

भूमध्य सागरात भरती-ओहोटी जवळजवळ नसतेच. मुंबईत उधाणाला पाणी साडेचार मीटरांपुढे चढते. बार्सिलोना किंवा नीस इथे भरती-ओहोटीतला फरक सहसा २०–४० सेंमी.च्या आतबाहेर राहतो. (ट्युनिशियातले गाबेसचे आखात आणि एड्रिॲटिक समुद्राचे उत्तर टोक हे अपवाद.) कोकणच्या सवयीने इथे भरतीची वेळ विचारण्यात अर्थ नाही. विचारायचा तो वारा.

एजियन समुद्रावर जुलै-ऑगस्टमध्ये उत्तरेचा मेल्तेमी नावाचा वारा वाहतो, आणि दुपारी त्याला जोर चढतो. फ्रान्सच्या दक्षिण भागात मिस्त्राल हा वारा ऱ्होन नदीच्या खोऱ्यातून थेट समुद्राकडे सुटतो. जमिनीकडून सुटलेला वारा सर्वांत फसवा: काठाशी पाणी आरशासारखे, पण दोनशे मीटरांवर लाटा. हवा भरलेली गादी जवळजवळ सगळी पाण्यावर असते, त्यामुळे वारा तिला शिडासारखी ढकलतो. (फुगवलेला गुलाबी फ्लेमिंगो तर त्याहून उंच!) गादी रिकामी वाहत गेली तर तिच्यामागे पोहू नये. आपण तिच्यावर असताना वाहत गेलो, तर मात्र ती सोडू नये. हात उंचावून ओरडावे. फ्रान्समध्ये नारिंगी वातदर्शक पिशवी फडकत असेल, तर फुगवलेल्या वस्तू पाण्यात नेणे धोक्याचे असते.

उभ्याने वल्हवायच्या फळीचा म्हणजे सपचा पट्टा घोट्याला बांधलेला हवाच. जाताना वाऱ्याला तोंड द्यावे, म्हणजे थकल्यावर परतताना तो पाठीशी येतो. वारा जमिनीकडून असेल, तर फळी काठावरच ठेवावी. वाऱ्यात सापडल्यास गुडघ्यांवर बसावे; उभे अंगही शीडच असते.

भरती नाही म्हणून ओढ नाही, असे नव्हे. फुटणाऱ्या लाटांचे पाणी परतताना चिंचोळी वाट धरते, विशेषतः दगडी बांधांच्या कडेने. पांढऱ्या फेसात मध्येच गडद, शांत पट्टा दिसला, तर तीच ती वाट. तिच्यात सापडल्यास काठाकडे झुंजू नये. तरंगत राहावे, मग किनाऱ्याला समांतर पोहून बाहेर पडावे.

झेंडे देशागणिक बदलतात. स्पेन-फ्रान्समध्ये हिरवा, पिवळा, लाल. लाल म्हणजे पाण्यात उतरायचे नाही. इस्राएलमध्ये पांढरा सुरक्षित, लाल धोक्याचा आणि बंदीचा झेंडा काळा. फ्रान्समध्ये पिवळे बोये ३०० मीटरांचा पट्टा आखतात. त्यात बोटींना ५ नॉटांची (ताशी सुमारे ९ किमी) वेगमर्यादा असते. पोहणाऱ्याने बोयांच्या आतच राहावे, आणि बोटी-जेटस्कीसाठी आखलेल्या मार्गिकेतून कधीही जाऊ नये. युरोपीय संघात मदतीचा क्रमांक ११२.

जांभळट पेलाजिया जेलीफिश चावली, तर समुद्राच्याच पाण्याने धुवावे. गोड्या पाण्याने किंवा चोळल्याने उरलेल्या दंशपेशी फुटतात. चिकटलेले तंतू प्लास्टिकच्या कार्डाने अलगद काढावेत. व्हिनेगर सगळ्याच जातींना चालत नाही, म्हणून तो हाती लागला की ओतायचा नाही. खडकांवर सी अर्चिन या काटेरी, गोल समुद्रजीवाचे काटे असतात; रबरी बूट घालावेत. उथळ वाळूत दडलेल्या वीव्हर माशाच्या काट्याची कळ भयंकर असते, पण त्याचे विष उष्णतेने निकामी होते. पाय ४०–४५ अंश सेल्सिअस पाण्यात किमान अर्धा तास बुडवावा. पाणी किती गरम आहे ते आधी धड हाताने पाहावे, कारण दुखऱ्या पायाला भाजल्याचे कळत नाही.