मेमरीतील सिग्नलशुद्धता आणि वीजवापर

प्रोसेसर आणि मेमरी चिप यांच्यामधल्या तारांवरून बिट न बिघडता पोहोचणे म्हणजे सिग्नलशुद्धता. वेगवान मेमरीच्या रचनेत तिचा विचार वीजवापरापासून वेगळा काढता येत नाही. सिग्नल स्वच्छ ठेवायचा तर वीज जाळावी लागते आणि वीज वाचवायची तर सिग्नल लहान करावा लागतो.

डीडीआर-५, म्हणजे संगणकाच्या मुख्य मेमरीची (डीडीआर) पाचवी पिढी, ४८०० दराने, म्हणजे प्रत्येक रेषेवरून सेकंदाला ४८० कोटी बिट या वेगाने चालते तेव्हा एका बिटाच्या वाट्याला सुमारे २०८ पिकोसेकंद येतात. तेवढ्यात बोर्डावरच्या तांब्याच्या रेषेतून सिग्नल जेमतेम ३ सेंटीमीटर सरकतो. एक बिट चिपपर्यंत पोहोचण्याआधी मागून दुसरा, तिसरा निघालेला असतो. अशा वेळी रेषेच्या टोकाला रोध जुळला नाही, तर सिग्नलचा काही भाग परत फिरतो आणि मागून येणाऱ्या बिटांत मिसळतो. शेजारच्या रेषांचा गोंगाट असतो तो वेगळाच. सिग्नलचा आलेख दाखवणाऱ्या ऑसिलोस्कोपवर हजारो बिट एकावर एक रचले की मध्ये डोळ्यासारखी मोकळी जागा दिसते. हा डोळा मिटत आला की चुका सुरू होतात.

परावर्तन थोपवायला टोकाशी रोधक जोडतात, त्याला टर्मिनेशन म्हणतात. डीडीआर-२ पासून डेटा रेषांसाठी तो चिपच्या आतच असतो. खरा खर्च इथेच होतो. डीडीआर-४ मध्ये हा रोधक १.२ व्होल्टला बांधलेला असतो. पाठवणाऱ्या चिपचा रोध ३४ ओहम आणि टर्मिनेशन ४८ ओहम धरले, तर ‘शून्य’ पाठवताना एका रेषेतून जवळपास १५ मिलिअँपिअर वाहतात. ६४ रेषांवर एकदम शून्य आले, तर प्रवाह एका अँपिअरच्या घरात जातो. ‘एक’ पाठवताना मात्र हा स्थिर प्रवाह जवळजवळ नसतो.

यावरची युक्ती साधी आणि चलाख आहे. बाइटमध्ये चारापेक्षा जास्त शून्ये असतील, तर सगळे बिट उलटवायचे आणि तसे केल्याची खूण एका जादा रेषेवर द्यायची. ००००००११ ऐवजी ११११११०० जाते; खुणेची रेषा धरूनही सहाऐवजी तीनच शून्ये उरतात. वीज वाचते, शिवाय पुरवठ्यावर एकदम पडणारा झटकाही सौम्य होतो. एकाच उपायाने दोन्ही बाजू सांभाळल्याची अशी उदाहरणे या क्षेत्रात थोडीच.

एरवी मुख्य मार्ग व्होल्टेज उतरवण्याचा. डीडीआर २.५, डीडीआर-२ १.८, डीडीआर-३ १.५, डीडीआर-४ १.२ आणि मेमरीची मानके ठरवणाऱ्या जेडेक संस्थेने जुलै २०२० मध्ये प्रसिद्ध केलेले डीडीआर-५ १.१ व्होल्टवर चालते. तारा चार्ज-डिस्चार्ज करण्याची ऊर्जा व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असल्याने १.५ वरून १.२ वर येताच ती ३६ टक्क्यांनी घटते. पण त्याबरोबर डोळाही बारीक होतो. म्हणून डीडीआर-५ च्या चिपमध्ये आधीच्या बिटांचा ठसा वजा करणारे सर्किट आले आणि व्होल्टेज नियंत्रक मदरबोर्डवरून मेमरीच्या पट्टीवर आला.

एचबीएम (हाय बँडविड्थ मेमरी) या दुसऱ्या प्रकारच्या मेमरीने वाट बदलली. चिपा एकमेकींवर रचून प्रोसेसरला खेटून बसवल्या आणि तारांची लांबी काही मिलिमीटरवर आणली. तिथे टर्मिनेशनशिवायच काम भागते. प्रत्येक रेषेच्या कमी वेगाची भरपाई हजाराहून जास्त डेटा रेषा करतात.