विंडो मॅनेजर सॉफ्टवेअर : किंमत आणि ट्रायल आवृत्त्या

डेस्कटॉपवरच्या खिडक्या अर्ध्या-पाव भागात लावणं, एका मॉनिटरवरून दुसऱ्यावर टाकणं, लेआउट जपून ठेवणं, शॉर्टकटने हलवणं असली कामं करणारी जी छोटी सॉफ्टवेअर वेगळी विकत किंवा फुकट मिळतात, त्यांच्या किमती कशा ठरतात आणि घ्यायच्या आधी वापरून बघायची सोय कशी दिलेली असते, एवढ्यापुरतीच ही नोंद आहे. ही टूल्स वापरायची कशी ते इथे नाही. ऑपरेटिंग सिस्टिमसोबत येणाऱ्या सोयींचा विषय जिथे त्यांचा किमतीशी संबंध येतो तेवढाच घेतलाय.

आधी एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी की सुरुवातीला खिडक्या हीच विकायची वस्तू होती. व्हिजीकॉर्पचं व्हिजी ऑन १९८३ च्या शेवटी आलं, त्याच्या नुसत्या मुख्य भागाची किंमत सुमारे ४९५ डॉलर होती आणि माऊस नि प्रोग्राम्सचे पैसे वेगळे. आयबीएमचं टॉपव्ह्यू १४९ डॉलरचं. नोव्हेंबर १९८५ मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोज १.० काढलं ते ९९ डॉलरला, आणि त्यात खिडक्या एकमेकींवर चढतच नव्हत्या, शेजारी शेजारी फरशीसारख्या बसायच्या (एकावर एक खिडकी ठेवायची सोय १९८७ च्या २.० मध्ये आली). म्हणजे आज लोक ज्या टायलिंगसाठी वेगळे पैसे मोजतात ते तेव्हा मूळ मालातच होतं, आणि नको असलं तरी तेच वापरावं लागायचं. पुढे खिडक्या सिस्टिमचा भाग होऊन गेल्या आणि बाहेरच्यांना विकायला उरलं ते फक्त सिस्टिमने अर्धवट सोडलेलं काम. या बाजाराची मर्यादा तिथेच ठरली.

ट्रायलची पद्धत कोणी सुरू केली

यावर बराच वाद आहे. "आधी वापरा, पटलं तर पैसे पाठवा" ही पद्धत पीसीवर १९८२ च्या आसपास सुरू झाली असं साधारण मानलं जातं, पण पहिला कोण यावर दोन नावं येतात. अँड्र्यू फ्लुगेलमन यांनी पीसी-टॉक हा मोडेमवरून संपर्क साधायचा प्रोग्राम वाटायला सुरुवात केली आणि आवडला तर २५ डॉलर पाठवा असं लिहिलं. त्यांना ही कल्पना सार्वजनिक टीव्ही चॅनेलच्या देणगी मोहिमेवरून सुचली असं सांगतात. साधारण त्याच वेळी जिम नॉफ (सॉफ्टवेअरच्या दुनियेत ते जिम बटन नावानेच जास्त ओळखले जायचे) आपला डेटाबेस प्रोग्राम ओळखीच्यांना आणि मग अनोळखी लोकांनाही पाठवत होते, टपालखर्च परवडेना म्हणून त्यांनी १० डॉलर मागितले. दोघांना एकमेकांचा पत्ताच नव्हता, एका वापरणाऱ्याकडे दोन्ही प्रोग्राम पोचले आणि त्याच्यामुळे ते समजलं, मग दोघांनी बोलून एकमेकांच्या प्रोग्रामची शिफारस करायची ठरवलं, नॉफ यांनी किंमत २५ डॉलरवर नेली आणि प्रोग्रामचं नाव जोडीला शोभेल असं पीसी-फाइल केलं. फ्लुगेलमन पहिले म्हणणारे लोक मुख्यतः त्यांनी 'फ्रीवेअर' या नावावर ट्रेडमार्क घेतला त्याकडे बोट दाखवतात, पण ट्रेडमार्क हा नावाचा पुरावा झाला, पद्धतीचा नाही. त्यामुळे दोघांनी स्वतंत्रपणे सुरू केलं हे मत जास्त पटण्यासारखं वाटतं.

तिसरं नाव बॉब वॉलेस यांचं. मायक्रोसॉफ्टच्या अगदी सुरुवातीच्या कर्मचाऱ्यांपैकी ते एक, १९८३ मध्ये बाहेर पडून क्विकसॉफ्ट काढली आणि पीसी-राइट हा वर्ड प्रोसेसर 'शेअरवेअर' म्हणून, म्हणजे याच आधी-वापरा-मग-पैसे-द्या पद्धतीने, वाटला. शेअरवेअर हे नाव त्यांनीच काढलं असं सरसकट छापलं जातं, ते तितकं सरळ नाही, कारण इन्फोवर्ल्ड मासिकातल्या जे लुकस यांच्या सदरात ते आधी येऊन गेलं होतं आणि नेल्सन फोर्ड यांनी सॉफ्टॉक पीसीमध्ये चांगलं नाव सुचवायची जी स्पर्धा घेतली तिच्यातून ते रुळलं. वॉलेस यांचं खरं योगदान किमतीच्या रचनेत आहे : डिस्क १० डॉलरला, रजिस्ट्रेशन ७५ डॉलरला, आणि तुम्ही दिलेल्या कॉपीवरून दुसऱ्या कोणी रजिस्टर केलं तर तुम्हाला २५ डॉलर कमिशन. आजच्या रेफरल योजना यापेक्षा फार वेगळ्या नाहीत.

१९८७ मध्ये या विक्रेत्यांची असोसिएशन ऑफ शेअरवेअर प्रोफेशनल्स ही संघटना झाली. ट्रायल म्हणून मुद्दाम लंगडं केलेलं सॉफ्टवेअर द्यायचं नाही असा तिचा सुरुवातीचा नियम होता, तो पुढे सैल झाला. २०१० मध्ये नावातलं शेअरवेअर जाऊन सॉफ्टवेअर आलं आणि २०२१ मध्ये संघटनाच बंद झाली.

ट्रायलचे प्रकार आणि त्यातली मोजणी

विंडो मॅनेजरमध्ये ठळकपणे चार तऱ्हा दिसतात. ठराविक दिवस सगळं चालू ठेवायचं आणि मग बंद करायचं ही सगळ्यात रुळलेली तऱ्हा : विंडोजवरच्या अल्ट्रामॉनला ३० दिवस, मॅकवरच्या बेटरटचटूलला ४५ दिवस. दुसरी, मुदत संपल्यावर बंद न पडता कमी सोयींच्या फुकट आवृत्तीवर उतरायचं, डिस्प्लेफ्यूजन प्रो ३० दिवसांनंतर असंच वागतं. तिसरी, काहीच बंद नाही, फक्त मधूनमधून "विकत घ्या" अशी खिडकी येत राहते (मॅकवरच्या सिंचचा रस्ता हाच, आणि खिडक्या आवरणाऱ्या टूलने स्वतःच नको ती खिडकी उघडावी यातली गंमत लोकांनी तेव्हाही हेरली असणार). चौथी तऱ्हा दिवस मोजतच नाही, वापर मोजते. मॅकवरच्या मूमच्या जुन्या आवृत्तीत १०० वेळा खिडकी हलवेपर्यंत ट्रायल चालायची.

चौथ्या तऱ्हेवर थोडं थांबायला हवं. अर्थशास्त्रात फिलिप नेल्सन यांनी १९७० मध्ये मालाचे दोन गट केले, बघूनच कळणारा आणि वापरल्याशिवाय न कळणारा. विंडो मॅनेजर दुसऱ्या गटातला, त्याचा डेमो व्हिडिओ बघून काही समजत नाही कारण फायदा बोटांना सवय लागल्यावरच जाणवतो. आता दिवसांची ट्रायल टाकली, दोन दिवस शॉर्टकट लक्षात ठेवायचा प्रयत्न केला, मग कामाच्या गडबडीत विसरून गेलो तर ३० दिवस तसेच निघून जातात आणि निर्णय होतो तो न वापरलेल्या गोष्टीचा. वापर मोजला तर विसरणाऱ्याचं नुकसान होत नाही, उलट खूप वापरणाऱ्याचा कोटा एक-दोन दिवसांत संपतो, पण त्याला तोवर उत्तरही मिळालेलं असतं. तरी दिवस मोजायचीच पद्धत जास्त आहे, कारण ती एका वाक्यात समजते. किती दिवस हा वेगळा प्रश्न. एका मोठ्या प्रयोगात ७, १४ आणि ३० दिवसांच्या ट्रायलची तुलना झाली तेव्हा सरासरीने ७ दिवसांतून जास्त लोक पैसे देणारे झाले, पण ते सॉफ्टवेअर सबस्क्रिप्शनचं होतं, एकदाच विकल्या जाणाऱ्या छोट्या टूलला तो आकडा जसाच्या तसा लावू नये.

मोजणी तांत्रिकदृष्ट्या वाटते तेवढी सोपी नाही. सगळ्यात साधा उपाय म्हणजे इन्स्टॉल केल्याची तारीख विंडोजच्या रजिस्ट्रीत (सेटिंग्जच्या साठ्यात) किंवा मॅकच्या प्रेफरन्स फाइलमध्ये लिहून ठेवणं, जी पुसली की ट्रायल पुन्हा नवी. म्हणून तीच तारीख दोन-तीन आडबाजूच्या ठिकाणी लिहितात, आणि नेमकं हेच अनइन्स्टॉल करूनही मागे उरतं म्हणून लोक चिडतात. घड्याळ मागे करणाऱ्यांसाठी शेवटची पाहिलेली वेळ साठवतात आणि आताची वेळ तिच्या मागची निघाली की ट्रायल संपवतात, पण मदरबोर्डची बॅटरी गेलेल्या मशीनवर घड्याळ आपोआप कित्येक वर्षं मागे जातं आणि बिचारा प्रामाणिक माणूस त्यात सापडतो. शेवटचा उपाय मशीनची ओळख सर्व्हरवर नोंदवणं. तो पक्का आहे पण या जातीच्या सॉफ्टवेअरला अडचणीचा, कारण ज्या टूलला उघड्या खिडक्यांची नावं वाचता येतात ते नेटवर काहीतरी पाठवतंय म्हटल्यावर जाणकार वापरकर्ता आधी फायरवॉल लावतो. मॅकवर तर २०१३ च्या मॅव्हरिक्स आवृत्तीपासून ॲक्सेसिबिलिटीची (दुसऱ्या ॲपच्या खिडक्या हाताळायची) परवानगी प्रत्येक ॲपला वेगळी द्यावी लागते, म्हणजे विश्वास टाकल्याशिवाय ट्रायल सुरूच होत नाही.

लायसन-कीचंही (विकत घेतल्यावर मिळणाऱ्या कोडचंही) तसंच. आधी नावावरून सूत्राने की तयार व्हायची, सूत्र प्रोग्रामच्या आतच असायचं, त्यामुळे खोट्या की बनवून देणारे कीजेन निघायचे. नंतर डिजिटल सही केलेल्या की आल्या, प्रोग्रामकडे फक्त तपासायची बाजू, बनवायची बाजू विक्रेत्याकडे. त्याने कीजेन थांबले, प्रोग्राममधली तपासणीच काढून टाकणारे क्रॅक नाही.

किंमत

बहुतेक टूल्स एकरकमी विकली जातात. मॅकवर खिडक्या चिकटवणाऱ्या साध्या ॲपला १० डॉलरच्या आतबाहेर आणि विंडोजवर मल्टि-मॉनिटरच्या भरगच्च टूलला ४०-५० डॉलरपर्यंत असा साधारण पट्टा राहिलाय, अल्ट्रामॉनची किंमत तर बराच काळ ३९.९५ डॉलरच होती. एकरकमीचा त्रास रोनाल्ड कोस यांनी १९७२ मध्ये टिकाऊ मालाबद्दल मांडला होता : टिकणारी वस्तू विकणाऱ्याची स्पर्धा त्यानेच काल विकलेल्या मालाशी असते. खिडकी डावीकडे लावणारं टूल दहा वर्षांनीही खिडकी डावीकडेच लावतं, मग नवीन आवृत्ती का घ्यावी? यावर निघालेली उत्तरं म्हणजे मोठ्या आवृत्तीला सवलतीचं अपग्रेड, ठराविक वर्षांचे अपडेट आणि त्यानंतर आहे ते तसंच चालू, आणि "कायमचं" महागडं लायसन. बेटरटचटूल २०१६ पर्यंत फुकट होतं, मग घेणाऱ्याने किंमत ठरवायची अशी पद्धत आली, आणि पुढे दोन वर्षांच्या अपडेटचं आणि कायमचं असे दोन भाव झाले. निव्वळ सबस्क्रिप्शन इथे फारसं रुजलं नाही. २०१७ ची सेटॲप ही योजना मात्र महिन्याच्या एकाच वर्गणीत बरीच मॅक ॲप देते आणि त्यात विंडो मॅनेजरही येतात, तिथे वेगळी किंमत असा प्रकारच राहत नाही.

स्टोअरमुळे ट्रायलचा घोळ वाढला. जानेवारी २०११ मध्ये मॅक ॲप स्टोअर सुरू झालं तेव्हा एकरकमी ॲपला ट्रायल द्यायची सोयच नव्हती, त्यामुळे मॅग्नेटसारखी ॲप्स इतक्या कमी किमतीला ठेवली गेली की किंमत हीच ट्रायल. जून २०१२ पासून स्टोअरवरच्या ॲपला सँडबॉक्स (ॲपला बाकी सिस्टिमपासून वेगळं कोंडून ठेवणारं कुंपण) सक्तीचा झाला आणि दुसऱ्या ॲपच्या खिडक्या हलवणं त्यात नीट बसत नाही, म्हणून बरेच जण स्वतःच्या साइटवरूनच विकत राहिले. २०१८ मध्ये ॲपलने नियमात बदल करून शून्य किमतीची इन-ॲप खरेदी म्हणून मुदतीची ट्रायल चालेल असं केलं, जे चालतं पण आडवळणाचं आहे. स्टीम या गेम विकणाऱ्या स्टोअरवर १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी वापर असेल तर पैसे परत मिळतात, पण हा नियम गेम डोळ्यासमोर ठेवून केलेला, दिवसभर मागे चालू राहणाऱ्या टूलचे दोन तास जेवायच्या आधीच संपतात.

फुकट पर्यायांचा दाब

विंडोज ७ (२००९) मध्ये स्नॅप आलं आणि खिडकी कडेला नेऊन अर्धी करणं फुकट झालं, विंडोज १० मध्ये कोपरे आणि आभासी डेस्कटॉप, विंडोज ११ मध्ये स्नॅप लेआउट. २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टच्याच पॉवरटॉइज या फुकट टूल्सच्या संचात खिडक्यांचे हवे तसे भाग पाडून देणारं फॅन्सीझोन्स आलं, तेही ओपन सोर्स (कोड सगळ्यांना खुला). मॅकवर हे उशिरा झालं, २०१५ मध्ये स्प्लिट व्ह्यू आलं खरं पण कडेला ओढून लावायची सोय सप्टेंबर २०२४ च्या सिक्वोयामध्ये. लहान डेव्हलपरने वर्षानुवर्षं ग्राहकांना सवय लावायची आणि मग सिस्टिमने आयत्या बिळावर नागोबा होऊन बसायचं, हे या क्षेत्रात दर काही वर्षांनी होतं. परिणाम किमतीवर होतो तसा ट्रायलवरही होतो, कारण आता ट्रायलला "खिडकी अर्धी करता येते" हे दाखवून भागत नाही.

दुसरा दाब ओपन सोर्सचा. मॅकवरचं स्पेक्टकल हे ओपन सोर्स टूल थांबल्यावर त्याच धर्तीवर २०१९ मध्ये रेक्टँगल आलं, फुकट, आणि जास्तीच्या सोयी रेक्टँगल प्रो या विकतच्या आवृत्तीत. इथे मूळ आवृत्ती हीच न संपणारी ट्रायल ठरते. विंडोजवर ॲक्वास्नॅप घरगुती वापराला फुकट आणि व्यावसायिक वापराला विकत आहे, कोमोरेबी या टायलिंग टूलचीही विभागणी तशीच. घरी की कामावर हे शेवटी वापरणाऱ्याच्या शब्दावरच असतं.

लिनक्स आणि युनिक्स

लिनक्सवर विंडो मॅनेजर हा सिस्टिमचा बदलता येणारा भाग आहे, डीडब्ल्यूएम (२००६), एक्समोनॅड (२००७), आय३ (२००९) सगळे फुकट, त्यामुळे ट्रायल हा विषय निघत नाही. पण नेहमीच असं नव्हतं. ओपन सॉफ्टवेअर फाउंडेशनचं मोटिफ (युनिक्सवर खिडक्या आणि बटणं बनवायचा संच) आणि त्यासोबतचा विंडो मॅनेजर वर्कस्टेशनच्या काळात लायसनचे पैसे मोजून मिळायचा. लिनक्सवरही मोटिफ बराच काळ विकलं जायचं. २०१२ मध्ये ते एलजीपीएल या खुल्या लायसनखाली मोकळं झालं, तोवर ते विकत घेणारा वर्ग जवळपास संपलेला होता.