बिडाच्या तव्यावरचा काळा थर

स्वयंपाकघरातल्या तेलाच्या किटलीच्या बुडाला बोट लावून पाहा. चिकट, पिवळसर थर लागेल, नुसत्या पाण्याने न निघणारा. बिडाच्या तव्यावरून आंबोळी अलगद सुटते ती याच थराच्या भावंडामुळे. किटलीवर तो अर्धवट राहिलेला असतो, तव्यावर पुरता तयार झालेला.

शेंगदाणा, सूर्यफूल, जवस यांच्या तेलाच्या रेणूंमध्ये दुहेरी बंध असतात. तेल चांगलं तापलं की हवेतला ऑक्सिजन तिथे शिरकाव करतो आणि शेजारचे रेणू एकमेकांत गुंतत जातात. हे जाळं दाट झालं की तेल तेल राहत नाही, त्याचा कडक आणि पाण्याला दाद न देणारा थर होतो. रसायनशास्त्रात याला बहुलकीकरण म्हणतात. तैलचित्रांतला जवसाच्या तेलात कालवलेला रंग वाळतो तोही असाच. खोबरेल तेलात दुहेरी बंध फारच थोडे, म्हणून नवा तवा तयार करायला ते कामाचं नाही. जवसाचा थर झटकन धरतो खरा, पण त्याचे पापुद्रे सुटतात. मी शेंगदाण्याचंच तेल वापरते.

माझ्या पहिल्या तव्याला मी प्रेमाने भरपूर तेल चोपडलं होतं. जाड थरात ऑक्सिजन खालपर्यंत पोचलाच नाही, तवा चिकट राहिला आणि पहिल्या चार आंबोळ्या उलथन्याने खरवडून काढाव्या लागल्या. तेल बोटभर घ्यायचं, सगळीकडे चोळायचं आणि मग कोरड्या फडक्याने जवळजवळ सगळं पुसून टाकायचं. धूर येईपर्यंत तापवायचं, थोडा वेळ तसंच ठेवायचं, निववायचं. असं तीन-चार वेळा.

बीड म्हणजे साधारण 2 ते 4 टक्के कार्बन असलेलं ओतीव लोखंड. पत्र्याचा लोखंडी तवा वेगळा. शुद्ध लोखंड 1538 अंश सेल्सिअसला वितळतं, बीड 1150 ते 1200 च्या आसपासच, म्हणून ते साच्यात ओतणं सोपं. पण यातला बराचसा कार्बन ग्राफाइटच्या पापुद्र्यांसारखा आत पसरलेला असतो आणि तिथूनच तडा जातो. तवा हातातून पडला तर फुटू शकतो, तापलेल्या तव्यावर गार पाणी ओतलं तरीही. दुकानात बोटाच्या पेराने टिचकी मारून पाहावी. खणखणीत वाजला तर घ्यावा, बद्द वाजला तर तडा असण्याची शंका घ्यावी. जाडी सगळीकडे सारखी आहे ना, तेही बघावं.

बीड उष्णता वाहून न्यायला आळशी आहे. ॲल्युमिनियमच्या मानाने चौथ्या हिश्श्याच्या आसपास. म्हणून मोठ्या आचेवर मध्यभागी तापतं आणि कडा गार राहतात. मंद आचेवर पाच-सात मिनिटं द्यायलाच हवीत. पण एकदा तापलं की अंगच्या वजनामुळे ते भरपूर उष्णता धरून ठेवतं, गार पीठ पडलं तरी फारसं निवत नाही, आणि आंबोळीला जाळी सुटते ती त्यामुळे. पाण्याचे थेंब शिंपडून पाहावेत. चर्र करून उडाले तर तवा तयार. मण्यांसारखे इकडे तिकडे पळू लागले तर तो फार तापलाय, कारण थेंबाखाली वाफेची गादी तयार झालेली असते. मग आच कमी करायची.

चिंच, कोकम, टोमॅटो यांचं आंबट हा थर हळूहळू खातं आणि लोखंड पदार्थात उतरतं. थोडं उतरलेलं बहुतेकांना चालतं, पण ज्यांच्या शरीरात लोह साठतं, थॅलेसेमियाच्या रुग्णांसारख्यांनी, डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नये. आमटी मात्र बिडाच्या कढईत मुक्कामाला ठेवू नये, रंग आणि चव दोन्ही बिघडतात.

साबणाची एवढी भीती नको. पुरता धरलेला थर भांड्याच्या सौम्य साबणाने जात नाही. जातो तो तारेच्या घासणीने आणि रात्रभर सिंकमध्ये भिजत पडल्याने. धुतल्यावर फडक्याने पुसून दोन मिनिटं आचेवर कोरडा करावा आणि तेलाचं बोट फिरवावं. पावसाळ्यात, विशेषतः कोकणातल्या दमट हवेत, तरीही तांबूस ठिपके येतातच. ते मीठ आणि थोड्या तेलाने घासून काढायचे, तवा धुऊन वाळवायचा आणि पुन्हा एक पातळ हात द्यायचा.