सतोपंथ ताल

उत्तराखंडच्या चमोली जिल्ह्यात, बद्रीनाथच्या पश्चिमेला सुमारे ४,६०० मीटर उंचीवर असलेले त्रिकोणी, हिरवट पाण्याचे सरोवर. त्याच्या तीन कोनांवर एकादशीला ब्रह्मा, विष्णू आणि महेश स्नान करतात, अशी श्रद्धा आहे. पांडव याच वाटेने स्वर्गारोहणाला गेले असेही मानतात.

सतोपंथ हिमनदीने काठाशी रचलेल्या दगडमातीच्या बांधामागे हे पाणी साठले आहे. पश्चिमेला चौखंबा (७,१३८ मीटर) खोरे बंद करतो. १९५२ साली फ्रेंच गिर्यारोहकांनी तो प्रथम सर केला. खोऱ्याच्या दक्षिण अंगाला, बद्रीनाथच्या बाजूस नीलकंठ (६,५९६ मीटर) आहे. सतोपंथ आणि भागीरथ खरक या हिमनद्यांची मुखे जवळजवळ आहेत. तिथेच अलकनंदा उगम पावते. गंगोत्री भागातले सतोपंथ शिखर (७,०७५ मीटर) वेगळे. नकाशा घेताना हा घोळ हमखास होतो.

वाट माणा गावाजवळून, माता मूर्ती मंदिरावरून निघते. पहिला मुक्काम भूर्जवृक्षांच्या लक्ष्मीवनात आणि दुसरा चक्रतीर्थाच्या कुरणात करावा. बद्रीनाथपासून एकेरी अंतर सुमारे २५ किलोमीटर भरते. त्यामुळे दोन दिवसांत उरकायचा मोह होतो, पण तो टाळावा. ३,००० मीटरच्या वर रोजच्या मुक्कामाची उंची ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये. महाराष्ट्रात सर्वांत उंच कळसूबाई १,६४६ मीटर. तिथला सराव पायांना बळ देतो, विरळ हवेची सवय मात्र लावत नाही. डोके दुखून उलटी झाली तर वर चढू नये, आणि लक्षणे वाढली तर रात्र असली तरी खाली उतरावे.

खरी परीक्षा चक्रतीर्थानंतर. हिमनदीच्या कडेचा चढ अरुंद धारेवर नेतो. एका बाजूला घसरडी खडी, खाली राखाडी धोंडे. या धोंड्यांखाली बर्फ आहे. ते वितळले की कालपर्यंत पक्का वाटलेला दगड पायाखाली डुगडुगतो, वाट सरकते आणि खुणेच्या लगोऱ्या ढासळतात. म्हणून मागच्या वर्षीच्या जीपीएस नोंदीवर विसंबू नये. त्याच हंगामात जाऊन आलेला माण्याचा वाटाड्या घ्यावा. ऊन चढले की दगड सुटू लागतात, ओढे फुगतात. हा टप्पा पहाटे निघून दुपारच्या आत पार करावा.

जून आणि सप्टेंबर हे महिने बरे. परवानगी जोशीमठहून काढावी. माण्यापुढे दुकान नाही. तंबू, शिधा आणि इंधन सोबत हवे, आणि सगळा कचरा परत आणायचा. सरोवराच्या पाण्यात साबण वापरू नये.